धवला तोडायचा नाही

वाढायचं वय म्हणजे मिसरूड फुटेपर्यंतचं, असं वंदनाचं म्हणणं. वंदना माझी मुलगी. मी लिहिलेलं ती वाचते आणि र्‍हस्व-दीर्घ सुधारते. ती म्हणाली, "बाबा, तुमचं लहानपण मागच्या प्रकरणात संपलं, आता पुढचं लिहा." मी म्हटलं, संपलं कुठे? बायको होती तोवर मला चहात साखर किती लागते हे मला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. माझी बनियन कुठल्या खणात असते, वीजबिल कुठे भरतात, भातात पाणी किती घालायचं, यातलं एकही मला येत नव्हतं. सत्तरी उलटल्यावर हिरा गेली, आणि त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भात लावला. तो खाली करपला आणि वर कच्चा राहिला. म्हणजे माझं वाढीचं वय तिथून धरायचं. शाळेत सातवीपर्यंत गेलो ते मोजायचं नाही, तिथे मी नुसता उंच झालो.

घर आमचं गिरीजला, वाडीत. पुढे अंगण, मागे विहीर, विहिरीवर मोटार, मोटारीपासून केळीत गेलेला पाट. मी पोरगा होतो तेव्हा मोटारीच्या जागी ऑइल इंजिन होतं, आणि ते घरातल्या थोरल्या काकासारखं होतं, कधी रुसेल सांगता येत नसे. इंजिन रुसलं की माझे वडील आधी विडी पेटवून बांधावर बसायचे. मला वाटायचं, आळशी माणूस. विडी संपली की उठून एकच गोष्ट बघायचे. तेल. मग पुन्हा बसायचे. मग नळीतली हवा काढायचे. पुन्हा बसायचे. एकदा ते बाजारात गेलेले असताना मी घाई केली, हाताला लागतील ते सगळे नट सैल केले, पुन्हा आवळले, हँडल मारलं, आणि इंजिन धडधडत चालू झालं. वडील आले तेव्हा मी छाती काढून उभा. ते म्हणाले, "कशानं चालू झालं?" मी म्हटलं, "झालं ना चालू?" त्यांनी पाठीत धपाटा घातला. "कशानं झालं ते सांगता येत नसेल तर ते चालू झालेलं नाही, उगाच फिरतंय. एका वेळी एक गोष्ट, गाढवा." तो धपाटा मला म्हातारपणी कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. धपाट्यांचं असंच असतं.

हिरा धवलारीण होती. बाहेरगावच्या माणसासाठी सांगतो, आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, पण धवलारणीवाचून हळद लागत नाही. मांडव, हळद, न्हाणं, प्रत्येकाचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा, आणि तो पुस्तकात नसतो, बाईच्या पोटात असतो. हिराच्या पोटात सगळे होते. नवरीच्या नावाची जागा आली की ती थांबायची, बसलेल्या बायकांनी नाव घालायचं, मग पुढची ओळ. तिचे नियम दोनच. नारळ-सुपारी देऊन बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात गायचं नाही, आणि एकदा उचललेला धवला मध्येच तोडायचा नाही. लाइट जाऊ दे, स्वयंपाकघरात भांडण लागू दे. एका लग्नात नवऱ्याचा मामा पिऊन मांडवाच्या खांबाला धडकला आणि अर्धा मांडव खाली यायला लागला. चार जणांनी खांब धरून ठेवला, आणि हिरा डोळे मिटून गात राहिली. धवला संपला तेव्हा म्हणाली, "आता सोडा."

पुढे तिचे गुडघे गेले. मांडी घालून बसवेना, तशी बोलावणी कमी झाली. तेव्हा वंदनाच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते, त्यातला एक वंदनाने आईला आणून दिला. "यात गा, म्हणजे पोरींना शिकता येईल." मी म्हटलं, मोबाईल आहे की. तर हिरा म्हणाली, मोबाईल भरला की जावईबापू सगळं पुसतात, माझे दोन धवले त्यांच्या मॅचच्या जागेपायी गेले. कॉम्प्युटर देवघराशेजारच्या टेबलावर बसला. हिराने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. माईक असलेलं यंत्र कानाला लावून ती समोर बसायची, आणि तिला बटणं दोनच माहीत होती, सुरू करायचं तांबडं आणि बंद करायचं चौकोनी. बाकीच्यांना तिने कधी हात लावला नाही. मला वाटतं, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. ती गायला बसली की घरात चप्पल वाजवायची नाही, कुकर लावायचा नाही, कोंबड्या हुसकायच्या. मी बाहेर पायरीवर सुकेळीसाठी, म्हणजे वाळवायला, पिकली केळी सोलत बसायचो. आत ती गायची आणि मागे विहिरीवर मोटार घूं घूं करायची.

मग ती गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ते लिहिलं की वंदना रडत बसते आणि र्‍हस्व-दीर्घ तसंच राहतं.

घर एवढं गप्प झालं की नारळाची झावळी पडली तरी मी "कोण?" म्हणून विचारायचो. कॉम्प्युटरचं झाकण मी काढलं नाही. त्यात ती आहे हे मला ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं. विहिरीत पाणी आहे हे माहीत असलं की माणूस सारखा वाकून बघत नाही. पण वंदनाच्या केतकीचं लग्न ठरलं. वंदना राहते विरारला मनवेलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, तिथे मांडव घालायचा तर जिन्यात घालावा लागेल. म्हणून हळद गिरीजला, आपल्या अंगणात ठरली. वंदना म्हणाली, "बाबा, हळदीला आईचाच धवला लावायचा. दुसरी धवलारीण सांगायची नाही." मी म्हटलं, बरं. झाकण काढलं, बटण दाबलं. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरायला लागले. मी चहा केला, प्यालो, कोंबड्यांना दाणे टाकले, आंघोळ केली. ठिपके फिरतच होते. दुसऱ्या दिवशीही फिरले.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून विरारला दुकानात नेला. दुकानवाला तरुण, कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. त्याने डबा लावला, ठिपके बघितले, आणि म्हणाला, "काका, सिस्टीम उडाली. फॉरमॅट मारावा लागेल. आतला डेटा जाईल."

"आत डेटा नाही," मी म्हटलं. "आत माझी बायको आहे."

त्याने कानातलं बोंडूक काढलं. "बॅकअप घेतला असेल ना?"

"बायकोचा?"

डबा उचलून घरी आणला.

आता पास्कूचं सांगतो. पास्कू भुईगावचा, माझ्याच वयाचा. आयुष्यभर बोटीवर वायरमन होता, आता चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवतो आणि कॉयरच्या गाण्यांचे कागद घरच्या कॉम्प्युटरवर छापतो. त्याच्या कॉम्प्युटरचंही माझ्यासारखंच झालं होतं, तेव्हा कुणीतरी त्याला लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घालून दिली. तेव्हापासून पास्कू नव्याने धर्मात आलेल्या माणसासारखा वागतो. तुम्ही म्हणा गुडघा दुखतो, तो म्हणेल लिनक्स टाक. मी फोन केला तर स्कूटरवर आलाच, डिकीत बायकोने तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल पाव, आणि खिशात पेनड्राइव्ह.

"हे बघ दामू," तो म्हणाला, "लिनक्सची मजा अशी की ती पेनड्राइव्हवरूनच चालते. जुन्या डिस्कला हात न लावता आत शिरायचं, हिराचं गाणं बाहेर काढायचं, मग डिस्क पुसायची. बँकेत मागच्या दाराने गेल्यासारखं."

"तू कधी केलंयस?"

"एकदा बघितलंय."

पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. ठिपके. पुन्हा काढून लावला. ठिपके. पास्कूने कपाळावर आठ्या घातल्या, कुणालातरी फोन केला, आणि परत आला तो तोंड लहान करून. झालं होतं असं की त्याने लिनक्सची फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवली होती, गाणं ठेवतात तशी. ती तशी चालत नाही. तिच्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो, त्याने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. मला ते लगेच पटलं. केळीचा मुनवा, म्हणजे कोंब, बांधावर ठेवून कुणी घडाची वाट बघत नाही, खड्डा करून लावावा लागतो. पास्कू म्हणाला, "तुला सगळीकडे केळीच दिसते." मी म्हटलं, "तुला दिसली असती तर भुईगावला परत जावं लागलं नसतं."

लिहून आणला, तरी ठिपकेच. पुन्हा फोन. मग कळलं, कॉम्प्युटर सवयीने जुन्या डिस्ककडेच जातो, संध्याकाळी सोडलेल्या बैलासारखा. त्याला पेनड्राइव्हकडे वळवायचं तर चालू होता होता एक खास बटण दाबावं लागतं, आणि ते नेमक्या क्षणाला. पास्कूचं बोट थरथरतं, माझं जाड आहे. कधी लवकर, कधी उशिरा. शेवटी मी म्हटलं, दाबून बघत बसू नको, सुरू करताच टकटक टकटक दाबत राहा, दार उघडेपर्यंत वाजवतात तसं. यादी आली. त्यातून पेनड्राइव्ह निवडला, आणि पडदा काळा झाला. नुसता काळा नाही, काळा आणि गप्प. पास्कूने परत पहिल्यापासून टकटक केली, आणि या वेळी वरची ओळ सोडून खालची निवडली, जिच्यात 'सेफ ग्राफिक्स' लिहिलं होतं. त्याचा अर्थ, तो म्हणाला, चित्रं साधी दाखव पण दाखव. आणि दाखवली. निळा पडदा, बाजूला बारीक बारीक चौकोन. आम्ही दोघांनी फुगे खाल्ले, चहात बुडवून. फुगा नुसता खाऊ नये, घशात बसतो.

मग पास्कूने एक चूक केली, किंवा करणार होता. पडद्यावर 'इन्स्टॉल' लिहिलेलं चित्र होतं, त्यावर त्याने दोनदा टिचकी मारली. पानांमागून पानं आली. भाषा कुठली, देश कुठला, तो हो हो म्हणत पुढे. एका पानावर दोन ओळी, आणि वरच्या ओळीच्या ठिपक्यात आधीच खूण केलेली. मला इंग्रजी अक्षरं येतात, अर्थ येत नाही. पण 'डिस्क' हा शब्द मला दुकानापासून माहीत झाला होता.

"हे काय आहे?"

पास्कूने चष्मा वर केला. "डिस्क पुसा आणि लिनक्स बसवा." बोलता बोलता त्याचं बोट खाली यायला लागलं होतं, बोटीवरच्या माणसाचं बोट, हुकूम वाचला की दाबायची सवय. मी त्याचं मनगट धरलं. ते मी इतकं जोरात धरलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, तुमचं भांडण झालं काय.

"मागे ये," मी म्हटलं.

"येतोय."

"हळूहळू नको. आत्ता."

तो मागे आला. मग त्याने जुनी डिस्क उघडली, नुसती वाचायला, आणि आत वंदनाने आईसाठी केलेला फोल्डर होता, त्यावर मराठीत 'धवले'. आणि त्यात 'हळद'. मी उठून हात धुऊन आलो. का ते मला विचारू नका.

"कॉपी घेऊन पुसून टाकू," पास्कू म्हणाला.

"आधी ऐकू."

त्याने लावलं. पडद्यावर एक रेघ पुढे सरकायला लागली, बाजूला वेळ चालू झाली. आवाज नाही. त्याने स्पीकरचं गोल बटण पिळलं. नाही. पास्कू म्हणाला, "थांब, बंद करून परत चालू करू," आणि माउसकडे, त्या उंदराकडे, हात नेला.

"हात लावू नको."

"का?"

"धवला उचललाय. मध्ये तोडायचा नाही."

पास्कूने माझ्याकडे बघितलं, मग रेघेकडे. "दामू, आवाज येत नाही. आवाज नाही तर धवला कुठला?"

"आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे ती गात नाही असं नाही."

त्याने हात मागे घेतला. त्याच्या चर्चमध्येही अशा गोष्टी असतात, त्याला समजत असावं. पण हळदीचा धवला लहान नाही. दोन म्हातारे पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसून एक मुकी रेघ सरकताना बघतायत, हे दारातून गेलेल्या माणसाने बघितलं असतं तर आम्हाला कुठेतरी दाखल केलं असतं. अर्ध्यावर आल्यावर पास्कू हळूच म्हणाला, "एक सांगू? राग मानू नको. आमच्या कॉयरने एकदा नाताळची पूर्ण मिस्सा रेकॉर्ड केली. फाइल एवढी मोठी झाली. लावली तर आत काहीच नाही. माईकची तार सुटलेली होती. हिराला बटणं दोनच येत होती ना?"

ते मला आधीच सुचलं होतं, आणि मी ते सुचू देत नव्हतो.

रेघ संपली. पास्कूने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे पुन्हा टकटक, पुन्हा खालची ओळ. बोटीवर त्याचं औषध हेच असणार, बंद करा, चालू करा. पुन्हा धवला लावला. पुन्हा मुका. आता तो चालू, म्हणजे बंद करायचा नाही, म्हणजे जे काय करायचं ते तो चालू असताना. पास्कू एका हाताने तारा उपटायला लागला आणि दुसऱ्याने पडद्यावर भराभर टिचक्या मारायला लागला. मला वडिलांची विडी आठवली.

"एका वेळी एक," मी म्हटलं. "नाहीतर कशानं झालं ते कळायचं नाही."

"झाल्याशी मतलब."

"नाही. हळदीच्या दिवशी परत बंद पडलं तर काय करशील?"

म्हणून आधी तार. मागे रंगीत भोकं असतात, तार गुलाबी भोकात होती, ते माईकचं. हिरव्यात घातली. थांबलो, ऐकलं. नाही. मग स्पीकरचा स्वतःचा दिवा. लागलेला. मग पडद्यावरच्या कोपऱ्यातला भोंग्याचं चित्र असलेला चौकोन, त्यावर फुली नाही ना. नाही. मग पास्कूने आवाजाची सेटिंग उघडली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागला, देवळात पोथी वाचतात तशी. एका ओळीत लिहिलं होतं की आवाज कुठून बाहेर पडायचा, आणि तिथे निवडला होता पडदा. म्हणजे कॉम्प्युटर इमानदारीत धवला पडद्याच्या तारेत ओतत होता, आणि त्या पडद्याला तोंडच नव्हतं. इतका वेळ ती भिंतीशी गात होती. पास्कूने खालची ओळ निवडली.

"...कटे गेलात? बहिरे झालात काय? किती हाका मारायच्या? ती मोटार बंद करा, गान्यात घुसते."

पास्कूने छातीवर क्रूस काढला. मी खुर्ची घट्ट धरली होती. स्पीकरमधून मोटारीची घूं घूं ऐकू येत होती, मागे, लांब. मग ती घूं घूं थांबली, कुणीतरी जाऊन बंद केली होती, आणि ते कुणीतरी मीच असणार. मग हिराने घसा खाकरला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच धवला उचलला. तोडला नव्हता, नुसता थांबवला होता. तिच्या हिशेबात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. पास्कू म्हणाला, "फुगे संपले." मी म्हटलं, "हो."

कॉपी दोन घेतल्या. एक पास्कूकडे भुईगावला, एक वंदनाला. वंदनाने ती मनवेलपाड्याला कपाटात कुलपात ठेवली, आणि तिथे ती इतकी सुखरूप राहिली की हळदीच्या दिवशीही कुलपातच होती. मग जुनी डिस्क पुसून लिनक्स बसवली, ती मी स्वतः बसवली, पास्कू नुसता बाजूला बसून "आता होय म्हण" म्हणत होता. मग कॉपीतून धवले परत आत घातले. नाव विचारलं, दिलं. पासवर्ड विचारला. पास्कू म्हणाला, असा ठेव की तुझ्याशिवाय कुणाला सुचणार नाही, आणि मला सांगू नको. तो स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जणू मी कपडे बदलतोय. मी मराठीत ठेवला. आता तो बदलला आहे म्हणून सांगतो, 'मोटारबंदकरा' होता. जोडून.

वंदना ऐकायला आली तेव्हा रडली, हसली, आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, ते मोटारीचं कापून टाकूया. केतकीच्या सासरची माणसं असणार. पास्कूकाकांना कापता येतं."

पास्कू म्हणाला, "येतं. कुठून कुठपर्यंत ते सांग."

"कुठूनच नाही," मी म्हटलं.

"अहो बाबा, बहिरे झालात काय म्हणते ती. मांडवात. भोंग्यावर."

"मग ती म्हणायचीच तसं. सासरच्यांना कळू दे कुठल्या घरातली मुलगी आहे."

वंदना पास्कूकडे वळली. पास्कूने खांदे उडवले. "मला मध्ये घेऊ नका. माझं मनगट अजून दुखतंय."

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, केळीचे खांब आपल्याच वाडीतले, टेबलावर कॉम्प्युटर, त्याला भोंग्याची तार. चंपूआते आली होती. ही हिराच्या बाजूला बसून ओळ झेलणारी म्हातारी, तिचे दात गेलेत पण ओळी शाबूत आहेत. मी घरातून नारळ-सुपारी आणून कॉम्प्युटरपुढे ठेवली. सासरचे एक गृहस्थ त्याचा फोटो काढायला लागले, काढू दे. केतकी पाटावर बसली, हळदीची वाटी पुढे आली, मी बटण दाबलं. सगळं नीट चालू झालं आणि पासवर्डाचा चौकोन आला. मी टाकला. चौकोन हलला, नाही म्हणाला. पुन्हा टाकला, सावकाश, एकेक अक्षर. नाही. त्यात ठिपके तेवढे दिसतात, काय टाकतोय ते दिसत नाही.

वंदना कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मुहूर्त जाईल. मी मोबाईलवर दुसरं काहीतरी लावते."

"दुसरं काय?"

"सनई."

"आईच्या हळदीत सनई होती?"

"बाबा, लोक बघतायत."

पास्कू म्हणाला, "बंद करून चालू करूया?"

मी खुर्चीवर बसलो. विडी मी ओढत नाही, पण हात गुडघ्यावर ठेवून बसलो, वडील बसायचे तसा. लोक खरंच बघत होते. एका वेळी एक. पासवर्ड बरोबर आहे, तो मी विसरणार नाही. बोटं बरोबर पडतायत. मग उरलं काय? अक्षरं. त्या दिवशी पासवर्ड ठेवताना वरच्या कोपऱ्यात बारीक 'एम-आर' लिहिलेलं होतं, पास्कूने दाखवलं होतं, हे असलं की मराठी. आज त्या कोपऱ्यात 'इ-एन' होतं. मी मराठीत बोलत होतो आणि तो इंग्रजीत ऐकत होता. कोपऱ्यावर टिचकी मारली, 'एम-आर' निवडलं, पासवर्ड टाकला. दार उघडलं.

"कशानं झालं?" पास्कूने विचारलं.

"सांगता येतं," मी म्हटलं. "नंतर सांगतो."

भोंग्यातून हिराचा आवाज आला. पहिली ओळ तिने एकटीने घेतली, दुसरी चंपूआतेने झेलली, मग बाकीच्या जणी मिळाल्या. नवरीच्या नावाच्या जागी हिरा थांबली. ती कधीतरी, केतकी शाळेत असताना, रिकाम्या खोलीत या जागी थांबली होती. बायकांनी नाव घातलं, "केतकी". ती पुढे गेली. वंदना हळद लावत होती, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. मी कॉम्प्युटरच्या बाजूला उभा होतो, रेघ कुठवर आली ते मला माहीत होतं.

"अहो," भोंगा म्हणाला. "कटे गेलात? बहिरे झालात काय?"

सासरची माणसं दचकली. आमच्याकडच्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या, कारण हा आवाज प्रत्येकीने वाडीच्या कुंपणावरून ऐकलेला होता. वंदनाचा पिवळा हात उंदराकडे गेला. चंपूआतेने तो वरच्या वर धरला. "धवला तोडत नाय," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

"किती हाका मारायच्या? ती मोटार बंद करा."

आणि मी निघालो. मला माहीत होतं की ही जुनी गोष्ट आहे, रेकॉर्ड आहे, त्या दिवशीची मोटार त्या दिवशीच बंद झाली होती. मला ठाऊक होतं आणि पाय चालत होते. मांडवातून बाहेर, घराच्या कडेने, मागे विहिरीकडे. कोपऱ्यावरून वळलो तर पायाला पाणी लागलं. पाहुण्यांच्या टाकीसाठी सकाळी कुणीतरी मोटार लावली होती आणि विसरलं होतं. टाकी केव्हाच भरली होती, पाट भरला होता, केळीत तळं झालं होतं आणि तळं हळूहळू मांडवाकडे निघालं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर सासरची माणसं पाण्यात उभी राहून जेवली असती.

मी स्विच खाली केला. घूं घूं थांबली. त्याच वेळी अंगणात भोंग्यातलीही थांबली. हिराने घसा खाकरला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे गायला लागली.

पास्कू मागून आला होता, पॅन्ट वर धरून. त्याने पाण्याकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं.

"खरंच चालू होती?"

"ती उगाच ओरडत नाही," मी म्हटलं. तो जायला वळला. मी स्विचवर हात ठेवून तिथेच उभा राहिलो, धवला पुरा होईपर्यंत.